निळे ब्रिटन आणि शेंदरी रोमन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत प्राचीन युरोपातल्या योद्ध्यांवर पानभर लेख आला आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून चहा बाजूला ठेवून वाचला. वाचून झाल्यावर मात्र मन खट्टू झाले. लेखाच्या सुरुवातीला म्हटले आहे की ब्रिटनमधले केल्टिक लोक अंगाला निळा रंग फासून लढणारे रानटी होते आणि रोमन सेनापती सीझरने त्यांना तसे डोळ्यांनी पाहिले. त्याच पानावर खालच्या चौकटीत म्हटले आहे की प्राचीन लोकांच्या भाषांत निळ्याला शब्दच नव्हता, म्हणजे त्यांना निळा रंग दिसत नव्हता. दोन्ही विधानांत वीतभराचे अंतर. प्राचीनांना निळा दिसत नव्हता, तर सीझरने पाहिले काय?

मी निळारी घरातली. आमच्या लोकांना कुणी निराळी म्हणतात, कुणी निळारी. पिढीजात काम एकच, निळीत सूत रंगवायचे. आजोबांच्या परसात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले चार रांजण होते. रांजणात पाणी, नीळ, चुना, थोडा गूळ आणि शिजवलेले टाकळ्याचे बी घालून ते आंबवायचे. दोन-तीन दिवसांनी गल्लीच्या तोंडापर्यंत वास जायचा. वर साय धरायची, तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखी चमकणारी. आजोबा ती काठीने हलकेच बाजूला सारत आणि मला वाकून बघायला सांगत. खालचे पाणी निळे नसायचेच. ते पिवळट हिरवे असायचे. त्यात सुताची लड बुडवून वर काढली की पहिल्या क्षणी ती पिवळी, मग कैरीच्या सालीसारखी हिरवी, आणि पिळून झटकेपर्यंत कडेकडेने निळी होत जायची. हवा लागली की रंग चढतो, हे मला कुणी पुस्तकातून शिकवले नाही. एकदा मी त्या अधल्यामधल्या लडीकडे बोट दाखवून विचारले, "आबा, आत्ता हा रंग कोणता?" ते म्हणाले, "थांब जरा, अजून ठरतोय."

आबांचे हात कोपरापर्यंत निळे असत. पण पुरवणीतल्या चित्रातल्या योद्ध्यासारखे आकाशी निळे नव्हेत. नीळ कातडीत मुरली की काळपट दिसते. नखांच्या कडा तर काळ्याच. एका लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याने सगळ्यांदेखत त्यांना सांगितले, आधी हात धुऊन या. आबा उठले, हात धुऊन आले आणि तेच निळे हात पानाशी ठेवून मुकाट्याने जेवले. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. 'निळा' आणि 'रानटी' हे दोन शब्द एका ओळीत वाचले की मला ती पंगत आठवते. म्हणून हे पत्र लिहायला घेतले आहे. ते लांबणार आहे, पण जागेअभावी कापायचे झाले तर एवढीच विनंती की रंगाऱ्यांबद्दलचा भाग ठेवावा.

माझी मुलगी वेल्समध्ये कार्डिफला असते. शाळेतून निवृत्त झाल्यावर दोन हिवाळे मी तिच्याकडे काढले. बाहेर अंधार आणि पाऊस, त्यामुळे दिवसचे दिवस ग्रंथालयात जायचे. तिथे लॅटिन ग्रंथ एका पानावर मूळ आणि समोरच्या पानावर इंग्रजी असे छापलेले मिळतात. शब्दकोश शेजारी ठेवून मी रंगांचे उतारे तेवढे वहीत उतरवून घेतले. पुढे जे लिहिते आहे ते त्या वहीतले.

सीझर ब्रिटनमध्ये दोनदा उतरला, इ.स.पू. ५५ आणि ५४ मध्ये. दुसऱ्या खेपेला पाच पलटणी आणि दोन हजार घोडेस्वार बरोबर होते, तरी तो केंटमधून थेम्स नदी ओलांडून थोडा पलीकडे गेला, एवढाच त्याचा ब्रिटन. पण लिहिताना तो 'सगळे ब्रिटन', म्हणजे त्या बेटावरचे सगळे लोक, असे लिहितो. सगळे ब्रिटन स्वतःला 'व्हिट्रम'ने रंगवतात, त्याने निळा रंग येतो आणि लढाईत ते अधिक भयंकर दिसतात. केस लांब वाढवतात. डोके आणि वरचा ओठ सोडून बाकी अंग भादरतात. एवढा तो मजकूर. निळ्याला त्याने 'काएरुलेउस' हा शब्द वापरला आहे. तेव्हा शब्द नव्हता हे विधान इथेच पडते.

दुसरे, त्याचे क्रियापद. 'फासणे' असे तो म्हणत नाही. त्याचे क्रियापद आहे 'इन्फिकेरे', म्हणजे रंगात घालणे, रंग मुरवणे. याच क्रियापदापासून लॅटिनमध्ये रंगाऱ्याला 'इन्फेक्टोर' म्हणत. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या भिंतींवर या धंद्याच्या लोकांचा असा उल्लेख सापडतो. म्हणजे सीझरसारख्या शत्रूनेही ब्रिटनांच्या निळ्याला रंगाऱ्याचा शब्द दिला. आपल्या लेखकाने दोन हजार वर्षांनी तो काढून घेतला.

'व्हिट्रम' म्हणजे काय यावर वाद आहेत, कारण त्याच शब्दाचा काच असाही अर्थ होतो. बहुतेक अभ्यासक ती युरोपातली निळीची वनस्पती धरतात. इंग्रजीत तिला वोड म्हणतात, शास्त्रीय नाव इसाटिस टिंक्टोरिया. फुले मोहरीसारखी पिवळी, आणि कूळही मोहरीचेच. आपली नीळ शेंगांच्या कुळातली. झाडांचे एकमेकांशी काही नाते नाही, पण दोन्हींच्या पानांतून निघणारा रंग रासायनिकदृष्ट्या एकच, इंडिगोटीन. तो पाण्यात विरघळत नाही. आंबवून, चुन्यासारखे खारे काही घालून त्याला आधी हिरवट पाण्यात उतरवावे लागते आणि मग हवेत परत आणावे लागते. युरोपात खारासाठी शिळे मूत्र वापरीत. ऑस्ट्रियात हॉलस्टाट इथल्या मिठाच्या खाणीत केल्टांच्या पूर्वजांची कापडे मिठामुळे टिकून राहिली आहेत. त्यांतल्या निळ्या धाग्यांत हाच रंग सापडला, आणि ती कापडे सीझरच्या शेकडो वर्षे आधीची आहेत. ज्याला हा रांजण साधला त्याला मी रानटी म्हणायला तयार नाही. आमच्या घरात चार पिढ्यांच्या अनुभवानंतरही पावसाळ्यात एखादा रांजण नासायचाच.

आता प्लिनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात या रोमन लेखकाने निसर्गविद्येचा अवाढव्य ग्रंथ लिहिला. तो म्हणतो, गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या केल्टांच्या प्रदेशात, 'ग्लास्टुम' नावाची वनस्पती आहे. तिचा लेप सर्वांगाला लावून ब्रिटनांच्या बायका आणि सुना काही धर्मविधींत उघड्या अंगाने चालतात, आणि त्यांचा रंग इथिओपियन लोकांसारखा दिसतो. हे वाचले आणि मी ग्रंथालयातच वही मिटून बसून राहिले. इथिओपियन लोकांसारखा, म्हणजे काळा! आबांच्या हातासारखा. सीझरला जो निळा दिसला तो प्लिनीच्या लेखी काळ्याच्या शेजारचा आहे. निळीत हात घातलेल्या माणसाला यात काहीच विसंगत वाटणार नाही. आमच्या घरी चंद्रकळेसाठी जे सूत रंगवीत ते निळीतच पुन्हापुन्हा बुडवून काळे करीत. पहिल्या बुडीला आकाशी, पाचव्या-सहाव्या बुडीला मोरपिशी गडद, आणि त्यापुढे गिऱ्हाईक त्याला काळे म्हणूनच घेऊन जाई. 'काळानिळा पडला' असे आपण म्हणतो ते उगाच नाही. संस्कृतातला 'नील' निळा आणि काळा दोन्ही आहे. आयरिश भाषेत निळ्याला 'गॉर्म' म्हणतात, आणि काळ्या वर्णाच्या माणसाला तिथे 'निळा माणूस' म्हणत आले आहेत. आपण विठ्ठलाला सावळा म्हणतो आणि घननीळही म्हणतो. त्यात कुणाला चूक वाटत नाही.

याच प्लिनीने आपल्या निळीबद्दलही लिहिले आहे आणि तो उतारा मराठी वाचकांपर्यंत पोचावा अशी माझी फार इच्छा आहे. तो तिला 'इंडिकुम' म्हणतो, म्हणजे हिंदुस्थानातले. हाच शब्द पुढे युरोपभर निळीचे नाव झाला. तो म्हणतो, वाटली की ती काळी दिसते, पण पातळ केली की जांभळ्या आणि निळ्याचे अपूर्व मिश्रण देते. भेसळ ओळखायची खूणही सांगतो. निखाऱ्यावर टाकावी. अस्सल असेल तर ज्वाळ सुंदर जांभळी उठते आणि धुराला समुद्राचा वास येतो. भेसळ करणारे कबुतराच्या विष्ठेला खऱ्या निळीत रंगवून विकतात, किंवा पांढऱ्या मातीला व्हिट्रमने रंगवून निळीच्या नावाखाली खपवतात! म्हणजे ज्या वनस्पतीने ब्रिटनांचे अंग निळे होत होते, तिनेच रोमच्या बाजारात आपल्या निळीची नक्कल होत होती. आबा नीळ विकत घेताना वडी अंगठ्याच्या नखाने घासून बघत. तांब्याची झाक आली तरच पैसे काढीत. त्यांना प्लिनी माहीत नव्हता. प्लिनीला मात्र त्यांच्यासारख्या कुणीतरी ही विद्या सांगितली असणार.

रोमन लोक अंग रंगवीत नव्हते, असे पुरवणीतला लेख गृहीत धरतो. तेही खरे नाही. विजयी सेनापतीची रोममध्ये मिरवणूक निघे. प्लिनी जुन्या ग्रंथकारांच्या आधारे सांगतो की सणाच्या दिवशी ज्युपिटर या त्यांच्या मुख्य देवाच्या मूर्तीचा चेहरा 'मिनियुम'ने तांबडा रंगवीत, आणि मिरवणुकीतल्या सेनापतीचे अंगही तसेच रंगवीत. कामिलुस हा नामांकित सेनापती असाच रंगून मिरवला होता. सेन्सॉर नावाचे वरिष्ठ अधिकारी पदावर आले की ज्युपिटरला रंगवण्याचा ठेका देणे हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक. हे मिनियुम म्हणजे प्लिनीच्या काळी हिंगूळ. पुढे तोच शब्द शिशाच्या तांबड्या भुकटीला, म्हणजे आपल्या शेंदराला, लागला. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मारुतीचा, म्हसोबाचा शेंदूर आपण जन्मापासून पाहतो. देवाचा रंग माणसाच्या अंगावर आला की तो माणूस तेवढा वेळ देवाच्या जागी उभा असतो. गंमत अशी की प्लिनीला स्वतःलाच याचे कारण कळेना. तो नवल करतो आणि म्हणतो, इथिओपियातले सरदार अजूनही सर्वांगाला हा रंग लावतात आणि तिथे देवांच्या मूर्तींचाही रंग हाच.

मग निळे ब्रिटन रानटी आणि शेंदरी सेनापती सुसंस्कृत, हे कोणत्या मापाने? दोघांनीही रंगाला लढाईच्या आणि देवाच्या कामाला जुंपले होते. सीझर स्वतः इ.स.पू. ५२ च्या अलेसियाच्या लढाईचे वर्णन करताना लिहितो की आपण येत आहोत हे अंगावरच्या वस्त्राच्या रंगावरून ओळखू आले. तो झगा तो लढाईत मुद्दाम खूण म्हणून वापरीत असे.

योद्ध्यांच्या रिवाजांबद्दलही लेखात एकच बाजू आली. केल्ट नग्न लढत, हे खरे, पण सगळे नव्हेत. इ.स.पू. २२५ मध्ये इटलीत तेलामोनला जी लढाई झाली तिचे पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने वर्णन केले आहे. त्यात इन्सुब्रेस आणि बोई या टोळ्या विजारी आणि हलके झगे घालून उभ्या होत्या. आल्प्सपलीकडून बोलावलेले गाएसाती तेवढे कपडे टाकून, फक्त शस्त्रे घेऊन, सैन्याच्या अगदी पुढे उभे राहिले. पुढच्या रांगांतल्या गड्यांच्या गळ्यात सोन्याचे पिळाचे कडे, दंडातही सोने. शिंगांचा आणि आरोळ्यांचा असा कल्लोळ की डोंगरच आवाज करताहेत असे वाटावे. रोमन फेकभाल्यांनी त्यांची चाळण केली, कारण त्यांची ढाल सगळे अंग झाकण्याएवढी नव्हती.

आणि रोमन? इ.स.पू. ३४० मध्ये व्हेसुव्हियसजवळच्या लढाईत पुब्लियुस देकियुस मुस या रोमन कॉन्सलची, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्याची, फळी मागे हटू लागली. त्याने पुरोहिताला बोलावले. काठ असलेला झगा अंगावर घेतला, डोक्यावरून पदर घेतल्यासारखा ओढला, झग्याखालून हात काढून हनुवटीला लावला, जमिनीवर ठेवलेल्या भाल्यावर उभा राहिला आणि पुरोहितामागून शब्द म्हणत स्वतःला आणि शत्रूच्या सैन्याला पाताळातल्या देवांच्या स्वाधीन केले. मग घोड्यावर उडी मारून एकटा शत्रूच्या गर्दीत घुसला आणि मेला. त्याच्या मुलाने इ.स.पू. २९५ मध्ये सेंटिनुमला, गॉल आणि इटलीतलेच सॅमनाइट लोक यांच्याविरुद्ध, हेच केले. कपडे काढून उभा राहणारा गाएसाती आणि डोक्यावरून झगा ओढून घेणारा देकियुस मला फार लांबचे वाटत नाहीत.

शत्रूची मुंडकी घोड्याच्या गळ्यात बांधून नेण्याचा गॉलांचा, म्हणजे गॉलमधल्या केल्टांचा, रिवाज ग्रीक इतिहासकार दिओदोरसने लिहिला आहे. मोठ्या शत्रूचे मुंडके देवदाराच्या तेलात मुरवून पेटीत ठेवीत आणि पाहुण्यांना दाखवीत. वाचताना अंगावर काटा येतो. पण रोममध्ये इ.स. ११३ मध्ये उभारलेल्या ट्रॅजनच्या स्तंभावर सम्राटापुढे कापलेली मुंडकी धरून उभे असलेले त्याचेच सैनिक कोरलेले आहेत. ते शिल्प आजही तिथे आहे. गॉलांचे अलंकारही रोमनांनी अभिमानाने घातले. परंपरेने इ.स.पू. ३६१ मध्ये तितुस मान्लियुसने आनियो नदीच्या पुलाजवळ एका धिप्पाड गॉलाला द्वंद्वात मारले, त्याच्या गळ्यातले रक्ताने माखलेले कडे काढून आपल्या गळ्यात घातले, आणि 'तोर्क्वातुस', म्हणजे कडेवाला, हे त्याच्या घराण्याचे नावच पडले.

दिओदोरसने आणखी एक सांगितले आहे, ते चित्र काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. गॉल आपले केस चुन्याच्या पाण्याने वारंवार धूत आणि कपाळावरून मागे ओढीत. त्याने केस इतके जाड होत की घोड्याच्या आयाळीसारखे दिसत. अंगात तऱ्हेतऱ्हेच्या रंगांचे सदरे, पायात विजारी, वर पट्ट्यापट्ट्यांचे, चौकड्यांचे झगे. रंगांची एवढी हौस असलेल्यांना आपल्या चित्रकाराने एका निळ्या डब्यात बुडवून काढले आहे.

आता त्या चौकटीकडे वळते. प्राचीनांना रंग दिसत नव्हते, हे मत जुने आहे. पुढे चार वेळा इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनने १८५८ मध्ये होमरच्या काव्यातले रंगाचे शब्द मोजून काढले. समुद्र मद्यासारखा, मध हिरवट, झ्यूसच्या भुवया आणि हेक्टरचे केस 'कुआनेओस', ज्या शब्दाचा पुढे निळा असा अर्थ झाला. त्यावरून त्याने ठरवले की त्या काळच्या ग्रीकांची रंग ओळखण्याची शक्तीच अर्धवट होती. त्याची मोजणी कष्टाची होती, तिचा मी आदर करते. निष्कर्ष मात्र चुकला. मी मुलांना ३१ वर्षे रंग शिकवले, त्यामुळे हे अनुभवाने सांगू शकते. शब्द नसलेला रंग मुले बरोबर जुळवतात. नाव विचारले की अडतात.

आपलेच शब्द बघा. 'तपकिरी' हा शब्द तपकिरीवरून आला, आणि तंबाखू आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली. त्याआधी मराठी माणसाला बाभळीची साल दिसत नव्हती का? 'हळद' म्हणजे संस्कृतातली हरिद्रा आणि 'हिरवा' म्हणजे हरित. दोघांच्या मुळाशी एकच 'हरि'. इंद्राच्या पिंगट घोड्यांनाही वेदांत हरीच म्हटले आहे. त्याच मुळापासून ग्रीकांचा 'ख्लोरोस' निघाला, जो मधालाही लागतो, भीतीने पडलेल्या चेहऱ्यालाही आणि नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडालाही. तो शब्द रंगाइतकाच ओलेपणा, ताजेपणा सांगतो. लॅटिनमध्ये काळ्याला दोन शब्द होते. 'निगेर' हा चकचकीत काळा आणि 'आतेर' हा चमक नसलेला, मेलेला काळा. मराठीला याचे नवल वाटायला नको. केस काळेभोर असतात, अंधार काळाकुट्ट असतो, आणि या दोन शब्दांची अदलाबदल कुणी शेतावरची बाईसुद्धा करणार नाही. रंगपेटीत मात्र दोन्हींना एकच नळी.

या विषयावर रोममध्ये प्रत्यक्ष झालेली एक चर्चा आउलुस गेल्लियुस या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. माजी कॉन्सल फ्रोंटो पायाच्या दुखण्याने घरी पडून होता. हा पुढे सम्राट झालेल्या मार्कुस ऑरेलियुसचा शिक्षक. त्याला भेटायला तत्त्वज्ञ फावोरिनुस गेला, आणि हा फावोरिनुस आर्लचा, म्हणजे गॉल! दुखणाईताच्या खाटेशी बोलणे रंगांवर आले. फावोरिनुस म्हणाला, डोळ्यांना जेवढे फरक दिसतात तेवढे शब्दांत नाहीत. अग्नीचा तांबडा वेगळा, रक्ताचा वेगळा, केशराचा वेगळा, पण लॅटिनमध्ये सगळ्यांना एकच शब्द. म्हणजे दिसते जास्त, शब्द कमी, हे त्या गॉलाने अठराशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. फ्रोंटोने उत्तरादाखल लॅटिनमधले सात-आठ तांबडे-पिवळे शब्द मोजून दाखवले. त्यांतला एक 'स्पादिक्स', म्हणजे फळांसकट तोडलेली खजुराची फांदी. घोड्याचा रंग सांगायला तो वापरत. आपल्या जांभळ्या, डाळिंबी, आमसुलीसारखाच हा शब्द.

पुढे फ्रोंटो म्हणतो, रोमन कवी व्हर्जिलला हिरव्या घोड्याला 'काएरुलेउस' म्हणता आले असते, पण त्याने 'ग्लाउकुस' हा ओळखीचा ग्रीक शब्द घेतला. हिरवा घोडा! इंग्रजी भाषांतरकारांनी इथे अडखळून तळटीप दिली आहे. मी मात्र जेजुरीचा गजर ऐकत वाढलेली. "निळा घोडा, पायात तोडा" असे खंडोबाला आळवताना आमच्या घरात कुणाला निळीत बुडवलेला घोडा डोळ्यांपुढे आला नाही. निळा घोडा म्हणजे राखाडी झाकेचा, हे सगळ्यांना ठाऊक. जुन्या घोडेवाल्यांच्या बोलीत 'सब्जा' नावाचा रंग आहे. फारसीत सब्ज म्हणजे हिरवे, आणि घोडा असतो करडा. फ्रोंटोचा घोडा, खंडोबाचा घोडा आणि हा सब्जा एकाच पागेत उभे आहेत.

कार्डिफला माझा नातू शाळेत वेल्श शिकतो. केल्टांच्या भाषांपैकी ही आजही बोलली जाणारी. एका संध्याकाळी तो रंग पाठ करत होता, 'ग्लास' म्हणजे निळा. दुसऱ्या दिवशी गवताचा शब्द आला, 'ग्लासवेल्त', आणि तो माझ्याशी भांडायला आला की आजी, गवत निळे कसे? मी शब्दकोश काढला. जुन्या वेल्शमध्ये ग्लास आकाशाला, गवताला, समुद्राला, करड्या घोड्याला आणि चांदीच्या नाण्यांनाही लागतो. विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला आजही 'ग्लास' विद्यार्थी म्हणतात, म्हणजे कोवळा, ताजा. शुद्ध हिरव्यासाठी त्यांनी पुढे रोमनांकडूनच शब्द घेतला, लॅटिन 'विरिदिस'चा 'ग्विर्द' झाला. प्लिनीच्या 'ग्लास्टुम' या वनस्पतीचे नावही याच 'ग्लास'शी जोडतात. मी नातवाला आबांच्या रांजणाची गोष्ट सांगितली, पिवळी लड हिरवी होऊन निळी होते ती. तो म्हणाला, मग ते सगळे मिळून ग्लास. एवढे नेमके मला शब्दकोशातही सापडले नव्हते.

आपणास विनंती अशी की प्राचीनांना निळा दिसत नव्हता, या वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी. 'रानटी' हा शब्दही मागे घ्यावा. आणि पुरवणीसाठी चित्र काढणाऱ्यांना कळवावे की निळीने रंगलेले अंग कसे दिसते हे पाहायचे असेल, तर आबांचा एक फेटा माझ्याकडे आहे. त्याच्या आतल्या घडीवर, जिथे ते रोज ओल्या हाताने धरत, त्यांच्या बोटांचा काळा-निळा ठसा अजून आहे.

परवा नातवाने फोनवर शाळेसाठी काढलेले चित्र दाखवले. एका बाजूला ब्रिटन, अंग काळे-निळे, केस चुन्याने ताठ झालेले, गळ्यात पिवळे कडे. समोर रथात रोमन सेनापती, त्याचा चेहरा कोराच ठेवला होता. मी म्हटले, त्याला शेंदूर लाव. तसा खडू त्याच्या पेटीत नाही, म्हणून तो नारिंगीवर लाल घासत बसला आहे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
सोलापूर